बहिणीचं लग्न मीच टिपायचं ठरवलंय – मार्गशीर्ष, गोरज मुहूर्त, सातारा

पसरणी_घाट

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. आम्ही वाईजवळचे, नवरदेवाकडची मंडळी सांगलीची. हळद आदल्या दिवशी सकाळी आमच्या घरी, चौकात. लग्न साताऱ्यात महामार्गालगतच्या एका लॉनवर. मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटांचा.

फोटो मी स्वतः काढायचं ठरवलंय. कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात ठरवलेल्या फोटोवाल्याने अंतरपाट सरकला तेव्हाचा एकही फोटो दिला नाही. नेमकं तेव्हाच तो लेन्स बदलत होता. चाळीस पानांच्या अल्बममध्ये स्टेजवर रांगेत उभं राहिलेले पाहुणे भरपूर, पण काकूच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते कुठेच नाही. काकू आजही अल्बम काढला की ते पान शोधते.

माझ्याकडे एक फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे, ३५ आणि ८५ मिमीच्या दोन एफ १.८ लेन्स, एक फ्लॅश. सहा वर्षं पक्षी आणि डोंगर टिपतोय, लग्न एकही नाही. व्हिडिओला वेगळा माणूस सांगितलाय. थंडीत दिवस लवकर मावळतो, लॉनवर सगळीकडे रंगीत एलईडी, आणि हळदीच्या फोटोत चेहरे नेहमी नारिंगी येतात. या तिन्हींवर अनुभवी लोकांनी सांगावं.


शाहूपुरीकर

अभिनंदन! साताऱ्यात वीस वर्षं लग्नं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट उजेडाची. डिसेंबरच्या त्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास. पण हे झालं सपाट क्षितिजाचं. साताऱ्याला पश्चिमेकडे यवतेश्वराचा डोंगर आहे, त्यामुळे गावात बऱ्याच ठिकाणी ऊन पाच-सव्वापाचलाच उतरतं. तुझं लॉन डोंगरापासून किती लांब आहे त्यावर सगळं. आठ दिवस आधी एकदा तिथे जा, दुपारी साडेचारला पोच आणि सात वाजेपर्यंत थांब. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढ, त्याच जागेवरून. एवढा एक गृहपाठ केलास तर लग्नाच्या दिवशी निम्मी घालमेल होणार नाही.

दुसरं, ६.०८ हा मुहूर्त फोटोसाठी फार चांगला आहे. सूर्य गेल्यावर आपल्याकडे साधारण वीस-बावीस मिनिटं आकाशात निळा उजेड टिकतो. शेवटचं ‘सावधान’ मुहूर्ताच्या मिनिटाला पडतं, म्हणजे तुझा अंतरपाट त्या निळ्या वेळेच्या अगदी सुरुवातीला दूर होणार. त्या वेळी आभाळ आणि मांडवातले पिवळे दिवे यांचा जोर जवळजवळ सारखा असतो. फ्लॅश समोरून मारलास तर हे सगळं मरतं आणि मागे काळा पडदा लागतो. मी असतो तर फ्लॅश बंद, एफ २, शटर १/१०० आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) जाईल तिथे जाऊ दिला असता. आजच्या सेन्सरवर ३२०० काय, ६४०० ला घाबरू नको. घरचे लोक फोटोतले दाणे बघत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. स्टेज उघडं आहे की वर कापड? लाल किंवा गुलाबी छत असेल तर त्याचा रंग थेट चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर काढता येत नाही. आत्ताच मांडववाल्याला सांगून पांढरं किंवा मोतिया रंगाचं कापड लावून घे.


कराड_ओगलेवाडी

ऊसतोड ऐन भरात असेल तेव्हा. सांगलीहून वऱ्हाड येणार म्हणजे कारखान्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकणार, हे गृहीत धरा. पाहुण्यांना तास-दीड तास आधी निघायला सांगा. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मुहूर्त धावपळीत लागला आणि फोटोत निम्मे जण धापा टाकताना दिसतात.


सांगली_हळदपेठ

आमच्या गावची हळद, तेव्हा बोललंच पाहिजे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं. रंग इतका जर्द असतो की कॅमेरा गोंधळतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला (रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला) चौकटीत सगळीकडे पिवळं दिसलं की तो ते कमी करायला निळा ओततो. मग एका फोटोत बहीण निळसर, पुढच्यात नारिंगी. ऑटो बंद कर. सकाळच्या उन्हात किंवा उघड्या सावलीत ५५०० ते ६००० केल्व्हिनवर बसव आणि हळद होईपर्यंत हात लावू नको. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढ. आणि लाल, हिरवा, निळा यांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगवेगळा बघ, कारण एकूण उजेड बरोबर दिसला तरी लाल रंग आधीच फुटलेला असतो. जरीचा शालू असेल तर हे दुप्पट लागू.

आता हळद कॅमेऱ्यावर उडाली तर. लगेच कोरड्या मऊ कापडाने झटकून टाक, मग किंचित ओलं कापड. साबण लावू नको. हळदीला साबणाचा खार लागला की डाग लालसर होतो, घरी साडी धुताना हे सगळ्यांनी बघितलंय. पट्टा किंवा रिफ्लेक्टरला लागली तर धुऊन कडक उन्हात वाळत घाल, हळदीचा रंग उन्हात विटतो. लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर लावूनच हळदीत शिर.

उष्टी हळद आमच्याकडून जाणार ना? म्हणजे नवऱ्याकडची हळद लागून मग गाडी तुमच्याकडे, सांगली ते वाई तीन तास तरी धरा. सकाळचा उजेड हवा असेल तर आमच्याकडची हळद पहाटेच उरकायला लागेल. हे आत्ताच दोन्ही घरांत बोलून घ्या.


वाईची_लेक

चौकात हळद असेल तर एक सुचवते, माझ्या माहेरच्या वाड्यात करून बघितलेलं आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, साधारण ४९ अंशांवर. मे महिन्यासारखा डोक्यावर येत नाही. त्यामुळे चौकाची दक्षिण बाजू सावलीत राहते आणि उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन पडतं. पाट दक्षिणेकडच्या सोप्याजवळ मांडायचा. समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि नवरीच्या चेहऱ्यावर एका बाजूने मऊ पडतो. भिंत चुन्याची पांढरी असेल तर उत्तम. निळी किंवा हिरवी रंगवलेली असेल तर तिच्यावर एक धुतलेलं पांढरं धोतर वाळत घाला, कोणाला शंकाही येणार नाही.

पाटाचं तोंड मात्र पूर्वेलाच राहू द्या. जुन्या बायका फोटोसाठी दिशा बदलू देणार नाहीत आणि देऊही नये. जागा चार हात सरकवायला त्या हो म्हणतात, आधी विचारलं तर.


पसरणी_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आमची उत्तरेची भिंत फिकट पिवळी आहे, धोतर वाळत घालतोच. सांगलीकर, आज रात्रीच तिकडच्या मामांना फोन करतो. शाहूपुरीकर, स्टेज उघडं आहे, फक्त फुलांची कमान.

एलईडीबद्दल अजून कोणी सांगेल का? त्या लॉनवर मागच्या महिन्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो, माझ्या फोटोंत आडवे काळे पट्टे आले.


शाहूपुरीकर

पट्टे येणारच. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० ठेवलंस तर प्रत्येक फोटोत एक किंवा दोन पूर्ण लाटा येतात आणि पट्टा जातो. तू तेव्हा आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असशील. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, मग पट्टे हमखास. मेकॅनिकल शटर लाव. वेग वाढवायचा असेल तर कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू कर, पण स्वस्त रंगीत दिव्यांची लय वेगळी असते, तिथे तो उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून लॉन बघायला जाशील तेव्हा दिवे लावायला सांग आणि तपासून घे. जांभळे आणि गडद निळे दिवे स्टेजवर नकोत, हे लेखी कळव. जांभळ्या उजेडात चेहऱ्याचा खरा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही, मग संगणकावर कितीही खटपट कर.

१/१०० ला अक्षता छोट्या रेघांसारख्या दिसतात. मला त्या तशाच आवडतात. पाऊस पडल्यासारखा वाटतो.


जुना_रोल

मी थांबून सगळं वाचलं. सगळ्यांनी बरोबर सांगितलंय. पण बाळा, एक राहिलंय.

आम्ही १२० च्या फिल्म रोलवर लग्नं काढली. सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात एका रोलला बारा फोटो. लग्नाला तीन रोल, फार तर चार. छत्तीस वेळा बोट दाबायचं आणि छत्तीसच्या छत्तीस लागले पाहिजेत. त्यामुळे आम्ही उजेडाआधी विधी शिकलो. आदल्या दिवशी गुरुजींकडे जाऊन बसायचं. तुमच्या पद्धतीत कन्यादान आधी की सूत्रवेष्टन, होम स्टेजवर की खाली, तोंड कुणीकडे, किती वेळ. मग घरातली थोरली बाई गाठायची. कारण गुरुजींना विधी माहीत असतो, पण देवक कधी बसवायचं, घाणा कोण भरणार, कुठली मावशी रुसलीय, हे तिला माहीत असतं. एवढं समजलं की कॅमेरा घेऊन धावावं लागत नाही. पुढचं घडणार त्या जागेवर आपण आधीच उभे असतो.

अंतरपाटाचं सांगतो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की सगळे पाहुणे अक्षता टाकायला पुढे सरकतात आणि तुझी जागा जाते. आठ मंगलाष्टकं म्हणणार की पाच, ते गुरुजींना विचार. शेवटून दुसऱ्याला तू स्टेजवर असलाच पाहिजेस. मामा नवरीच्या मागे, करवली दिवा घेऊन बाजूला. तू अंतरपाट धरणाऱ्याच्या खांद्याशेजारी, आडवा, दोन्ही चेहरे एका रेषेत येतील असा. ३५ लावून ठेव. ८५ ला तिथे मागे सरकायला जागा नाही. अंतरपाट खाली जातो ते दोन सेकंदांचं काम. आणि त्या दोन सेकंदांत नवरा-नवरी एकमेकांकडे बघत नाहीत, बहुतेक वेळा आपल्या आईकडे बघतात. एक फोटो त्यांचा, लगेच दुसरा आईचा.

आता खरं विचारायचं ते. तू नवरीचा सख्खा भाऊ ना? लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या कोण घालणार? नवरदेवाचा कान कोण पिळणार?


पसरणी_घाट

काका, हे वाचून खाली बसलो. गेला महिनाभर लेन्स, दिवे, वेळा, सगळं कागदावर मांडलं, आणि लाजाहोमासमोर मी "होमाच्या पूर्वेकडून, ३५ मिमी" असं लिहून ठेवलंय. मी स्वतः तिथे बसलेला असणार हे डोक्यातच आलं नाही. आम्ही दोघंच भावंडं.

चुलतभाऊ म्हणतोय, लाह्या मी घालतो, तू फोटो काढ. काय करू?


माणदेशी

चुलतभाऊ चालतो की. आमच्याकडे सख्खा भाऊ सैन्यात होता, सुट्टी मिळाली नाही, तेव्हा आतेभावाने केलं. शास्त्राला अडचण नाही, गुरुजींना विचारून घ्या.


वाईची_लेक

माणदेशी, सीमेवर असलेल्या भावाची गोष्ट वेगळी. इथे भाऊ मांडवातच आहे.

माझ्या लग्नात माझ्या दादाने फोटो काढले. अकरा वर्षं झाली. फार सुंदर काढले, घरात आलेला प्रत्येक जण कौतुक करतो. चारशेवर फोटो आहेत आणि त्यात दादा एकातही नाही. कान मामेभावाने पिळला. माझी मुलगी अल्बम बघताना विचारते, मामा कुठे होता? मी सांगते, हे सगळं मामानेच बघितलंय. तिला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या अल्बममध्ये तो हवा आहे.

तुम्ही बाकी सगळं टिपा. पण लाह्या तुम्हीच घाला.


शाहूपुरीकर

ताईंशी पूर्ण सहमत. आणि यात तांत्रिक अडचण काहीच नाही. पंधरा मिनिटांसाठी कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्यायचा, एवढंच. माणूस असा निवड ज्याला त्या वेळी काही मान नाही आणि काम नाही. चौदा-पंधराची मुलगी असेल तर फार उत्तम, ती लक्ष देऊन करते.

३५ लावून दे. एफ ४, म्हणजे थोडं पुढे-मागे झालं तरी चेहरे धारदार राहतील. शटर १/१००. आयएसओ ऑटो, मर्यादा १२८००. फोकस चेहरा ओळखण्यावर. फ्लॅश काढूनच टाक. होमाचा धूर समोरच्या फ्लॅशमध्ये पांढऱ्या भिंतीसारखा उभा राहतो. त्याऐवजी एक लहान पिवळा दिवा होमाच्या मागच्या बाजूला, थोडा वर बांधून ठेव. मागून उजेड आला की धुराला आकार येतो आणि चेहरे झाकले जात नाहीत. तिला जमिनीवर बसव, उभं राहू देऊ नको, ओंजळीच्या उंचीवर कॅमेरा आला पाहिजे. आदल्या दिवशी हळदीत तिला शंभर फोटो काढायला दे, मग हाताला वजन कळतं.


जुना_रोल

+१. आणि तिला सांग, लाह्या पडताना बोट उचलू नको.


सांगली_हळदपेठ

थंडीचंही एक. पहाटे परडीत फुलं भरतानाचे फोटो काढणार असाल तर बाहेरच्या गारठ्यातून कॅमेरा एकदम स्वयंपाकघरात नेऊ नका. चुलीजवळच्या वाफेने लेन्सवर दव धरतं आणि आतपर्यंत जातं. बॅगेत बंद करून आत न्या, अर्ध्या तासाने उघडा. बॅटरी थंडीत लवकर उतरते, जादा बॅटऱ्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेला. कृष्णाकाठी सकाळी धुकं असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप वर घ्या, नाहीतर कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी करून टाकतो.


प्रतीक्षा_सातारा

कास पठारावर आधी दोघांचं शूट करणार का?


पसरणी_घाट

नाही. फुलांचा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरचा, डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत. आणि पठारावर पायघोळ घागरे घेऊन फिरणं मला पटत नाही. दोघांना मेणवलीच्या घाटावर नेणार आहे, सकाळी आठला, घंटेच्या देवळाजवळ. आजोबा लहानपणी तिथे न्यायचे आणि ही घंटा वसईहून आली असं सांगायचे. बहिणीनेच ती जागा मागितली.


पसरणी_घाट

मंडळी, लग्न झालं. चार दिवस झोपून आज लिहितोय.

उष्टी हळद साडेनऊला पोचली, सांगलीकरांनी खरंच पहाटे पाचला हळद लावली. पाट दक्षिणेच्या सोप्याशी मांडला. आजीने आधी नकार दिला, मग मी म्हटलं दिशा तीच आहे, तेव्हा स्वतः उठून पाट सरकवला. समोर पांढरं धोतर. मी इतकी वर्षं तो चौक बघतोय, पण तिथला उजेड असा असतो हे मला माहीत नव्हतं. ५८०० केल्व्हिनवर ठेवलं, एकही फोटो नारिंगी नाही.

लॉनवर ऊन ५.२० ला गेलं. आधी बघून ठेवलेलं असल्याने घरच्यांचे एकत्र फोटो पावणेपाचला उरकले. गुरुजींनी पाच मंगलाष्टकं म्हणणार असं सांगितलं होतं, चौथ्याला मी वर होतो. अंतरपाट खाली गेला. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, बहिणीने आईकडे बघितलं. पहिला फोटो लागला, दुसरा आईचा थोडा हलला. तो मी तसाच ठेवणार आहे. मागे आभाळ अजून निळं होतं.

एक चूक झाली तीही लिहितो. स्टेजवर जांभळे दिवे नकोत हे तोंडीच सांगितलं, लेखी दिलं नाही. सात वाजता कोणीतरी लावले. सप्तपदीची पहिली तीन पावलं वाया गेली, मग मी ओरडून बंद करायला लावले. पुढे ज्यांची लग्नं असतील त्यांनी शाहूपुरीकरांचं ऐकून लेखीच द्या.

लाजाहोमाला कॅमेरा आत्याच्या मुलीकडे दिला, नववीत आहे. होमाच्या मागे दिवा बांधला होता. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि पंधरा मिनिटांत २१२ फोटो काढले. त्यातल्या एकात बहिणीच्या ओंजळीत माझ्या हातून लाह्या पडतायत, धूर दोघांच्या मधून वर चाललाय, आणि ती माझ्याकडे बघतेय. मी खाली लाह्यांकडे बघतोय. तिने माझ्याकडे बघितलं होतं, हे मला फोटो बघेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या फोटोची मोठी प्रत आईला हवी आहे, बारा बाय अठरा. मॅट कागद घेऊ की चकचकीत? भिंत खिडकीसमोर आहे.


जुना_रोल

मॅट. खिडकीसमोर चकचकीत कागदावर उजेड मारतो. खिडकीचं थेट ऊन लागणार नाही अशी जागा बघ. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि फोटो काढणाऱ्या पोरीचं नाव लिही.